बसायला की झोपायला

“बसायला पाहिजे की झोपायला?” दुकानदाराने विचारलं. प्रश्न तसा साधा होता. सावेडीतल्या मनमाड रोडवरच्या त्या फर्निचरच्या दुकानात तो दिवसातून कितीतरी गिऱ्हाइकांना हेच विचारत असणार. बंदिस्त गॅलरीसाठी काहीतरी दाखवा म्हटल्यावर तो बिचारा दुसरं विचारणार तरी काय? पण एका वेताच्या खुर्चीच्या पाठीवरून फिरणारं सुकन्याचं बोट होतं तिथेच थांबलं. ती तोंड उघडणार त्याच्या आत तिचा नवरा कानिफनाथ म्हणाला, “बसायला हो. झोपायला आत बेडरूम आहे की.” आणि स्वतःच हसला. दुकानदारही हसला. हसण्यासारखंच होतं ते. सुकन्या मात्र खुर्चीची वीण बघत राहिली. वीण एका ठिकाणी सुटली होती आणि तिथून वेताचं एक टोक बाहेर आलं होतं. ते टोक तिने नखाने आत दाबलं, ते पुन्हा वर आलं. तिने पुन्हा दाबलं.

सकाळी हनुमंताचा फोन आला होता. हनुमंत तिचा धाकटा भाऊ, पाथर्डीच्या पलीकडे गावाकडेच राहिलेला. दिवाळी सरली की तो आणि त्याची बायको ज्योती ऊस तोडायला कोपरगावकडे जातात आणि उन्हं तापायला लागली की परत येतात. त्यांच्या आईवडिलांनीही जन्मभर तेच केलं. “आज दुपारून निघतोय आक्का,” हनुमंत म्हणाला होता, “ट्रॅक्टर भरायला घेतलाय. आईची बाज टाकू का त्यात?” एवढंच विचारलं त्याने. आईला तू नेतेस का, असं तो सरळ विचारू शकला असता. पण त्यांच्या घरात माणसाविषयी असं कुणी तोंडावर विचारत नाही. बाजेविषयी विचारायचं आणि समोरच्याने काय ते समजायचं. सुकन्याला समजलं होतं. लख्ख समजलं होतं. गेल्या वर्षापर्यंत आई नातवंडांना सांभाळत गावातच राहायची. यंदा पोरं वसतिगृहात गेली, घर रिकामं झालं, आणि मधे आई अंगणात पडली ती शेजारच्या रंगुबाईच्या नजरेस येईपर्यंत तशीच पडून होती. तेव्हापासून तिला एकटं ठेवायचं नाही हे सगळ्यांना कळून चुकलं होतं. मग उरल्या दोनच जागा. एक साखर कारखान्याजवळची कोपी, बांबूच्या तट्ट्यांची झोपडी, थंडीत खालून ओल येणारी. आणि दुसरी सुकन्याचं घर. “सांगते,” असं म्हणून तिने फोन ठेवला होता. तो ‘सांगते’ सकाळपासून तिच्या घशात अडकून बसला होता. भाजी निवडताना, गाडीवर कानिफच्या मागे बसताना, दुकानाच्या पायऱ्या चढताना तो जागचा हलला नव्हता.

“हे बघ, असं काहीतरी पाहिजे,” कानिफ म्हणाला. तो एका टांगत्या झोपाळ्यासमोर उभा होता. लोखंडी आकड्याला लटकवलेली वेताची गोल टोपली, आत जाड गादी. कानिफचा चेहरा उजळला होता, आणि त्याच्या उजळण्याचा राग यावा असं त्यात काही नव्हतं. उलट तिला त्याची कीवच आली. तो भावंडांच्या गराड्यात एका खोलीत वाढला. वीज कंपनीत कारकून झाला, कर्ज काढून फ्लॅट घेतला, तरी घरात गेला की उभ्याउभ्याच चहा प्यायचा. सवयच तशी. “मला घरात एक जागा अशी पाहिजे की जिथं नुसतं बसायचं,” तो म्हणायचा. “काही करायचं नाही. जेवायचं नाही, झोपायचं नाही, टीव्ही नाही. बसायचं.” त्या जागेसाठी तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीला त्याने काचा लावून घेतल्या. आधी तिथे वाळत घातलेल्या कपड्यांवर रस्त्याची धूळ बसायची, कबुतरं घाण करायची. आता तीन बाजूंनी काच, वर छत, आणि हॉलमधून जायला सरकतं काचेचं दार. काचा बसल्या त्या दिवशी कानिफ रिकाम्या गॅलरीत फरशीवरच मांडी घालून बसला होता आणि तिला म्हणाला होता, “ये ना, बस.” ती बसली होती. छान वाटलं होतं. खोटं कशाला बोला, तिलाही फार छान वाटलं होतं.

आई आली ती त्यानंतर थोड्याच दिवसांनी, गेल्या महिन्यात. गुडघे दाखवायला नगरला आली होती, दवाखान्यातून घरी आली. नेहमीसारखी पिशवीत भाकरी आणि पाण्याची बाटली घेऊन. कधीकाळी तिच्यात थंड सरबत मिळालं असेल अशी ती प्लॅस्टिकची बाटली आता पार पांढुरकी पडली होती. सुकन्याचं लग्न झाल्यापासून आई तिच्या घरी जेव्हा जेव्हा आली तेव्हा ती बाटली तिच्यासोबत आली. लेकीला मूलबाळ होईपर्यंत तिच्या घरचं पाणी तोंडात घ्यायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत. बाकीच्या बायका ती वर्षभर पाळतात, दोन वर्षं पाळतात, मग नातवंड मांडीवर आलं की लेकीच्या हातचा चहा फुंकून पितात. आईची रीत काही सुटायला तयार नव्हती, कारण सुकन्याला मूल नव्हतं. डॉक्टर झाले, औषधं झाली, मढीला जाऊन नाथांना नवस बोलून झाला. घरात आता तो विषय निघत नसे. फक्त आई आली की ती बाटली सोफ्याशेजारी फरशीवर उभी राहायची, आणि सुकन्या केर काढताना ती उचलून पुसून पुन्हा तिथेच ठेवायची. आईच्या मनात टोचायचं असं काही नसायचं. बाई आपली रीत पाळत होती. उलट त्यात आशाच होती की एक ना एक दिवस ही बाटली बंद होईल. पण टोचायचं ते टोचायचंच.

त्या दिवशी आई गॅलरीत गेली. बोटाचं हाड काचेवर वाजवून बघितलं, खाली रस्त्याकडे पाहिलं. मग पदर खोचला, गुडघ्यांवर हात देत हळूहळू खाली बसली आणि सरळ आडवी झाली. डोकं भिंतीला, हात अंगालगत, टाचा जोडलेल्या. सुकन्या हॉलमध्ये उभी होती. असं आडवं होणं तिला चांगलं ओळखीचं होतं. लहानपणी दर हंगामाला नव्या तळावर ट्रॅक्टर थांबला की वडील फावड्याने जमीन सारखी करायचे आणि तिच्यावर उताणे निजायचे. आई कोयत्याच्या टोकाने त्यांच्या डोक्याशी एक रेघ ओढायची, टाचांशी एक रेघ. मग ती स्वतः त्यांच्या कडेला निजायची, मधे पोरांपुरती जागा सोडून, आणि वडील दुसऱ्या बाजूने रेघा ओढायचे. त्या चार रेघांवर तट्टे उभे राहायचे. त्यांच्या कोपीला टेप कधी लागला नाही, माणसंच लागली. त्या रेघांच्या आत सुकन्याने किती हिवाळे काढले. मळीचा वास, चिमणीची काजळी, पहाटे आईवडील फडात गेल्यावर अंगावर उरलेली त्यांची उबदार गोधडी आणि कुशीत रडणारा हनुमंत. तेव्हा आई ज्या जमिनीवर अशी आडवी व्हायची ती जमीन पुढचे सहा महिने त्यांचं घर असायची. त्यामुळे गॅलरीच्या फरशीवरून आई छताकडे बघत “पुरतंय की,” म्हणाली, तेव्हा काय पुरतंय हे सुकन्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आणि मग आई म्हणाली, “पानी दे गं.”

सुकन्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. ती स्वयंपाकघरात गेली, तांब्या भरला, आणि भरलेला तांब्या हातात घेऊन ओट्यापाशी उभी राहिली. तिच्या मनात आलं, आईने आशा सोडली. आता काही होणार नाही हे तिने ओळखलं आणि रीत मोडली. तिला जिवाच्या आकांताने रडावंसं वाटलं, आणि त्याच वेळी तांब्यातलं पाणी सांडू नये म्हणून ती फार जपून चालत होती. “आई, पाणी... तुला चालतं?” तिने दारातून विचारलं. आई उठून भिंतीला टेकली होती. “न चालायला काय झालं?” ती म्हणाली. “ही काय घरात हाय व्हय? उंबरा तिकडं ऱ्हायला.” तिने सरकत्या दाराच्या खालच्या लोखंडी पट्टीकडे बोट केलं. “ही बाहेर हाय. बाहेर प्यायलेलं चालतंय.” आणि तिने मान वर करून, तांब्या तोंडाला न लावता, धारेने सगळं पाणी संपवलं. काही गळ्यावरून चोळीत गेलं. रिकामा तांब्या खाली ठेवून ती लेकीकडे बघत राहिली. आता तू बोल, असंच होतं ते बघणं. जन्मात कधी कुणाकडे काही न मागितलेल्या बाईने आडवं होऊन जागा मोजली होती, वकिलालाही सुचणार नाही अशी वाट काढून लेकीच्या हातचं पाणी घेतलं होतं, आणि आता ती फक्त एका शब्दासाठी थांबली होती. सुकन्या म्हणाली, “चहा टाकू?”

“च्या नको,” आई म्हणाली, “च्याला चूल लागती. चूल घरात हाय.” आणि सावकाश उठून पिशवी आवरायला लागली. एस. टी. स्टँडवर सोडायला कानिफ गेला. रात्री जेवताना सुकन्याने त्याला गंमत म्हणून सांगितलं की आईने गॅलरीत लोळून बघितलं. तो खूप हसला. पाण्याचं तिने सांगितलं नाही.

“बसून तर बघा मॅडम,” दुकानदार म्हणाला. सुकन्या झोपाळ्यात बसली. गादी मऊ होती, टोपली हळूच फिरली आणि दुकान तिच्याभोवती फिरायला लागलं. सोफे, आरसे, देवघरं, हसणारा कानिफ, पुन्हा सोफे. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. चपलेचं टोक लागेल म्हणून तिने पाय ताणून पाहिला, लागलं नाही. पर्समधला फोन तिने मांडीवर काढून ठेवला होता. दुपार केव्हाच कलली होती. ‘दुपारून’ म्हणजे गावाकडे केव्हा, हे तिला आता नक्की सांगता आलं नसतं. आत्ता बोलायला हवं. अहो, झोपाळा नको, आईला इकडे आणायचंय. एवढं एक वाक्य. शाळेत शिकवताना ती पंचेचाळीस मिनिटं न थांबता बोलते. आणि इथे मूग गिळून टोपलीत गोल फिरते आहे. सकाळपासून ती स्वतःला समजावत होती की अडचण कानिफची आहे. त्याची इतक्या वर्षांची हौस, कशी मोडायची? मग वाटलं, अडचण सोसायटीतल्या बायकांची आहे. जिना चढता-उतरता विचारतील, आई राहायला आल्या का, का हो, भाऊ नाही का? मग वाटलं, अडचण रीतीची आहे. लेकीच्या दारात म्हातारपण काढलं म्हणून गाव आईला नावं ठेवील, त्यापेक्षा नकोच ते. एकेक कारण ती हातात घेऊन बघत होती, भाजी निवडावी तसं, आणि एकेक सडकं निघत होतं.

कारण कानिफ नाही म्हणणार नव्हता. हेच तर होतं. तो क्षणभर झोपाळ्याकडे बघेल, नाक चोळेल आणि म्हणेल, आणू की. त्याने नाही म्हणावं अशी तिची इच्छा होती. तो नाही म्हणाला असता तर ती चार दिवस रडली असती, त्याच्याशी अबोला धरला असता, हनुमंताला फोन करून सांगितलं असतं की माझं काही चालत नाही रे, आणि सगळा दोष त्याच्या माथी गेला असता. पण तो हो म्हणेल आणि मग ती बाज येईल. सुंभाची, मधे झोळ पडलेली, तिच्या पायांना अजून कोपरगावची काळी माती असेल अशी बाज. तिच्यावर ती गोधडी येईल. काचेआड तो वास भरून राहील. संध्याकाळी शाळेतून आल्यावर सुकन्या हॉलमध्ये पाऊल ठेवेल आणि समोर कोपी उभी असेल. ज्या कोपीतून ती अभ्यास करून करून, मार खाऊन, मामाच्या घरी राहून, एकेक बोट सोडवत बाहेर आली होती, ती कोपी स्वतःच्या पायांनी चालत येऊन तिच्या तिसऱ्या मजल्यावर बसेल. हे तिला नको होतं. आई हवी होती, कोपी नको होती. आणि दोन्ही वेगळी करता येत नव्हती. हे तिला त्या फिरत्या टोपलीत बसल्या बसल्या इतकं स्वच्छ दिसलं की तिला स्वतःची शिसारी आली.

मांडीवरचा फोन वाजला. “आक्का,” हनुमंत ओरडून बोलत होता, मागे इंजिनाचा आवाज. “आमी घाट ओलांडला. वाईच च्याला थांबलोय. तू काय फोन केला न्हाईस.”

“आई?”

“मागं ट्रॉलीत हाय. बाजंवर बसलीय. खाली सपाटीला बस म्हनलं तर ऐकत न्हाई.”

“तिने काही विचारलं? माझा फोन आला का म्हणून?”

“न्हाई. कायबी न्हाई बोलली. निघताना तुज्याकडं आणती ती बाटली तेवढी भरून घेतली.”

सुकन्याने फोन बंद केला नाही. तो कानापासून खाली आला आणि हातातच राहिला. टोपली अजून थोडी हलत होती. दुकानदाराने पुढे होऊन ती एका हाताने धरली आणि विचारलं, “मग झोपाळाच पॅक करू ना?” कानिफ मान हलवणार होता. सुकन्या म्हणाली, “झोपायला पाहिजे.” आपला आवाज फार मोठा आला असं तिला वाटलं. पलीकडे आरसा बघणाऱ्या बाईने वळून पाहिलं. “काय?” कानिफ म्हणाला. “झोपायला पाहिजे आहे,” ती म्हणाली. “गॅलरीत. आईला.” आणि ती झोपाळ्यातून उतरायला गेली, पण पाय टेकत नसल्यामुळे तिला धडपणे उतरता येईना, तेव्हा कानिफनेच हात दिला.

दुकानाबाहेर गाडीपाशी तिने त्याला सगळं सांगितलं. सकाळचा फोन, सांगते म्हणणं, तांब्या, लोखंडी पट्टी. ती भराभर बोलत होती आणि मधेच चुकत होती. कानिफ गाडीच्या आरशावरची धूळ अंगठ्याने पुसत ऐकत होता. “इतके दिवस बोलली नाहीस,” तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण दुखावला होता. “मी नाही म्हणेन असं वाटलं तुला?” सुकन्याने त्याच्याकडे पाहिलं. खोटं बोलायचं त्राण आता तिच्यात नव्हतं. “तुम्ही हो म्हणाल, याची भीती वाटत होती,” ती म्हणाली. त्याला ते समजलं की नाही कुणास ठाऊक. मग त्याने नाक चोळलं आणि किल्ली फिरवली. “विळदला बायपास येऊन मिळतो,” तो म्हणाला. “ट्रॅक्टर तिथूनच राहुरीकडे जाणार. बस लवकर.”

विळदजवळ रस्त्याच्या कडेला ते दोघं उभे राहिले तेव्हा ऊन उतरणीला लागलं होतं. एकामागून एक ट्रॅक्टर येत होते, प्रत्येकाच्या मागे दोन दोन ट्रॉल्या, आणि सगळ्या ट्रॉल्यांवर तोच संसार. तट्ट्यांच्या गुंडाळ्या, पत्र्याच्या पेट्या, घागरी, टोपलीखाली झाकलेल्या कोंबड्या, कानाला फडकी बांधलेल्या बाया, त्यांच्या मांडीवर पोरं. सुकन्या प्रत्येक ट्रॉलीत आई शोधत होती आणि तिला प्रत्येक ट्रॉलीत एक आई दिसत होती. एका ट्रॉलीतून एक लहान मुलगी तिच्याकडे टक लावून बघत गेली. गेला असेल का तो पुढे? दुकानातून निघाल्यापासून हनुमंत फोन उचलत नव्हता. गाडी चालवताना त्याला फोन ऐकू येणार नाही, असं कानिफ दोनदा म्हणाला. तिचा जीव टांगणीला लागला होता. आता जर तो ट्रॅक्टर पुढे गेला असेल तर आपण राहुरीपर्यंत जाऊ, कोपरगावपर्यंत जाऊ, असं तिला वाटत होतं, आणि त्याच्या खाली, अगदी तळाशी, गेला असेल तर सुटलो, असंही काहीतरी हलत होतं. ते हललं हे तिला कळलं. तिने ओठ आत दाबले आणि रस्त्यावरून नजर काढली नाही.

पहिल्यांदा बाज दिसली. तट्ट्यांच्या गुंडाळ्यांवर आडवी बांधलेली, आणि तिच्यावर डोक्यावरून पदर घेतलेली आई, दोन्ही हातांनी बाजेचं कडेचं लाकूड धरून. कानिफ रस्त्यात जाऊन हात हलवायला लागला. मागच्या गाड्यांनी भोंगे वाजवले. हनुमंताने कडेला घेऊन ट्रॅक्टर थांबवला आणि इंजिन तसंच चालू ठेवून खाली उडी मारली. ज्योती ट्रॉलीत उभी राहिली. कुणी काही बोलायच्या आत सुकन्या ट्रॉलीच्या चाकापाशी जाऊन मान वर करून म्हणाली, “आई, उतर.”

“कशाला?” आई म्हणाली.

“घरी चल.”

“तुज्या घरी?” आईने पदर पुढे ओढला. तिने कानिफकडे पाहिलं, हनुमंताकडे पाहिलं. मग जरा वाकून, फक्त लेकीला ऐकू जावं अशा बेताने म्हणाली, “ती काचंची खोली बाहेर हाय का घरात? आता नीट सांग मला.”

इंजिनाच्या धडधडीत सुकन्या उभी राहिली. घरात आहे म्हटलं तर आई उतरणार नाही. आणि उतरलीच, तर ती आपली आशा इथे रस्त्यात टाकून उतरेल, लेकीच्या पोटी आता काही उपजणार नाही हे कबूल करून. बाहेर आहे म्हटलं तर आई येईल. पण मग आपण आईला बाहेर जागा दिली, उंबऱ्याच्या पलीकडे, आणि तेही स्वतःच्या तोंडाने सांगून. गेल्या महिन्यापासून मनातल्या मनात आपण तिला बाहेरच तर ठेवत होतो. आता तेच मोठ्याने म्हणायचं, आणि यावेळी ते मायेने म्हणायचं. “अहो आई, बाहेर कसली, घरातच आहे की ती, आपलीच...” कानिफ जवळ येत म्हणाला. सुकन्याने त्याचा दंड घट्ट धरला. “बाहेर आहे,” ती म्हणाली. “बाहेरच आहे आई. पट्टीच्या पलीकडे.”

आईने तिच्या तोंडाकडे बारीक नजरेने पाहिलं. “मग हरकत न्हाई,” ती म्हणाली आणि बाजेची दोरी सोडायला लागली. हनुमंताने बाज खाली घेतली, आणि ज्योतीने आईच्या पाया पडताना डोळ्यांना पदर लावला. कानिफने रिकामा चाललेला एक टेम्पो थांबवला.

बाज लिफ्टमध्ये मावेना. कानिफने आणि टेम्पोवाल्याने ती जिन्याने उभी आडवी करत तिसऱ्या मजल्यावर नेली. पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी दार उघडून बघितलं, सुकन्याने त्यांना, “आई आली राहायला,” असं सांगितलं आणि पुढे निघाली. गॅलरीत बाज ठेवली तेव्हा एक बाजू भिंतीला टेकली आणि दुसऱ्या बाजूला फक्त हात जाईल इतकी फट राहिली. “पुरतंय म्हनलं न्हवतं का,” आई म्हणाली. तिने गोधडी झटकली, आणि तो वास आला. मळी, धूर, उन्हात वाळलेलं पाचट. सुकन्या तयारीत होती तरी तिच्या नाकपुड्या आवळल्या. ती तांब्या भरून घेऊन आली. आई बाजेवर पाय वर घेऊन बसली होती. “दार लाव ते,” ती म्हणाली.

“का?”

“उघडं ऱ्हायलं की आत-बाहेर एकच हुतं. लाव.”

सुकन्याने दार ओढलं. काच पट्टीवरून घसरत आली आणि कडेला टेकली. पलीकडे आई, अलीकडे ती. आईच्या चेहऱ्यावर खालच्या रस्त्यावरचे दिवे पडत होते आणि काचेत सुकन्याचाच हॉल दिसत होता, सोफा, टीव्ही, भिंतीवरचं घड्याळ, सगळं आईच्या अंगावर पसरलेलं. आईने हात पुढे केला. तेव्हा सुकन्याच्या लक्षात आलं, तांब्या आपल्याच हातात आहे. काचेतून तो देता येणार नव्हता. ती तशीच उभी राहिली. आईचा हातही तसाच पुढे राहिला, जन्मभर कोयता धरून वाकलेल्या बोटांचा, पाणी मागणारा हात. सुकन्याने दार सरकवलं, पट्टी ओलांडली आणि मागे वळून दार पुन्हा लावून घेतलं, कडेपर्यंत. मग ती बाजेच्या फटीत फरशीवर बसली, आईच्या पायांशी, आणि तांब्या वर दिला.

आई धारेने प्यायली, अर्ध्यावर थांबली. हॉलमध्ये कानिफ चहाचे तीन कप घेऊन काचेपाशी उभा होता, दार वाजवावं की नाही अशा विचारात. “त्यांस्नी म्हनावं च्या तितंच ठिवा,” आई म्हणाली. मग तिने उरलेलं पाणी लेकीपुढे धरलं. “तू बी पी. तोंड सुकलंय तुजं.” सुकन्याने तांब्या घेतला. सकाळपासून तिने पाण्याचा घोटही घेतला नव्हता.